मोहाचा दिवस आधीच ठाऊक असतो

बारामती आणि इंदापूर तालुक्यांत पैसा ठरावीक दिवशी हातात येतो. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा हे कारखाने सुरू झाले की उसाची बिले निघू लागतात. ऊस गेल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावेत, असे १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. प्रत्यक्षात हप्ता मागेपुढे होतो, पण एकाच्या मोबाइलवर मेसेज वाजला की तासाभरात गावाला कळते. एमआयडीसीतल्या कामगाराचा पगार महिन्याच्या पहिल्या आठ-दहा दिवसांत होतो. ऊसतोड टोळीतल्या माणसाने मुकादमाकडून हंगामाच्या तोंडावर उचल घेतलेली असते. दारूची, पत्त्यांची किंवा मोबाइलवर पैसे लावण्याची सवय असलेल्या माणसाला धोक्याचे दिवस हेच. भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करता येईल इतके ते ठरलेले असतात, आणि तरीही बहुतेक जण त्या दिवसाला बेसावध सामोरे जातात.

३१ डिसेंबरच्या रात्री ख्रिस्ती मंडळीत उपासना भरते. वर्ष सरताना माणसे गुडघे टेकतात. कोणी दारू सोडतो, कोणी मटका, कोणी रात्रीबेरात्री मोबाइलवर नको ते पाहणे. निर्धार खरा असतो, डोळ्यांतले पाणीही खरे असते. मात्र त्या वेळी गाळप ऐन भरात असते आणि बिलाचे पैसे पुढच्या पंधरवड्यात हाती पडतात. डिसेंबरच्या रात्री केलेल्या शपथेची परीक्षा जानेवारीतल्या एखाद्या साध्या मंगळवारी, दुपारी चारच्या सुमारास होते. त्या मंगळवारची तयारी कशी करायची, हे पाळकांनी, घरच्यांनी आणि स्वतः त्या माणसाने नीट बसून ठरवायला हवे. प्रार्थना हा त्या तयारीचा पाया आहे. पण पायावर भिंती उभ्या कराव्या लागतात.

येशूच्या परीक्षेची गोष्ट मत्तय आणि लूक या दोघांनीही चौथ्या अध्यायात सांगितली आहे. चाळीस दिवसांचा उपास झाल्यावर त्याला भूक लागली आणि पहिला मोह आला तो भाकरीचा. सैतानाने वेळ नेमकी साधली होती. येशूने तिन्ही वेळा जी उत्तरे दिली ती सगळी अनुवादाच्या पुस्तकातली, लहानपणापासून पाठ असलेली. ऐन वेळी त्याला काही शोधावे लागले नाही. लूक आणखी एक गोष्ट नोंदवतो. सैतान निघून गेला, पण पुढची संधी मिळेपर्यंतच. वधस्तंभापर्यंत गेलेल्या प्रभूलाही मोहाने एकदाच गाठून सोडले नाही. म्हणून पुन्हा पुन्हा मोह होतो याचा अर्थ आपला विश्वास खोटा आहे, असे कोणी समजू नये. कित्येक प्रामाणिक माणसे याच एका समजापायी चर्चला येणे सोडतात.

व्यसनमुक्तीच्या गटांत चार अवस्थांपासून जपायला सांगतात. पोटात भूक, डोक्यात राग, मनाला एकटेपण आणि अंगात थकवा. आठ तासांची पाळी करून सुटलेल्या कामगाराकडे या चारांतल्या निदान दोन गोष्टी रोज असतात. तेव्हा पगाराच्या दिवशी पहिला नियम अगदी साधा ठेवावा. उपाशीपोटी बाहेर पडू नये. डब्यात दोन भाकरी जास्त न्याव्यात आणि गेटबाहेर येण्याआधी खाव्यात. हे वाचायला किरकोळ वाटेल, पण भुकेल्या माणसाला समोरच्या ढाब्याची पाटी जशी दिसते तशी जेवलेल्याला दिसत नाही.

दुसरी तयारी पैशांची. बिल किंवा पगार जमा होण्याच्या आदल्या दिवशी, नंतर नव्हे, घरात बसून वाटणी लिहून काढावी. सोसायटीचा हप्ता, किराणा, मुलांची फी, औषधे. जमा झाल्या दिवशीच ते पैसे त्या त्या ठिकाणी पोचते करावेत. एटीएम कार्ड काही महिने बायकोकडे, आईकडे किंवा थोरल्या भावाकडे ठेवावे. मोबाइलवरून पैसे पाठवण्याची रोजची मर्यादा बँकेच्या अ‍ॅपमधून कमी करता येत असेल, तर ती करावी. यात मानहानी वाटते, हे खरे. पण हा निर्णय स्वतःहून घेतलेला असेल तर त्यात कमीपणा नाही. कार्ड स्वतःच्या हाताने दुसऱ्याच्या हवाली करणाऱ्याने पगाराच्या दिवसाची निम्मी तयारी करून ठेवलेली असते.

तिसरी गोष्ट रस्त्याची. मोहाच्या जागेवर उभे राहून झुंजण्यात काहींना पुरुषार्थ वाटतो. ‘मी गुत्त्यात बसेन, पण पिणार नाही’ असे सांगणारा माणूस प्रत्येक गावात असतो, आणि त्याचे पुढे काय होते तेही गावाला ठाऊक असते. उत्पत्तीच्या ३९ व्या अध्यायात योसेफाची हकिकत आहे. पोटीफर या मालकाच्या घरात मालकाची बायको त्याचे वस्त्र धरून ओढू लागली तेव्हा त्याने तिच्याशी वाद घातला नाही, वस्त्र तिच्याच हातात टाकून तो पळाला. त्यापायी पुढे तुरुंगात गेला, तरी पळाला. इंदापूरच्या माणसाने यातून एवढेच घ्यावे की दुकानावरून जाणारा रस्ता सोडून लांबच्या रस्त्याने घरी जाणे हा भित्रेपणा नाही. आठवडे बाजाराला एकट्याने जाऊ नये, मुलाला किंवा शेजाऱ्याला बरोबर घ्यावे. जुनी मैत्री तोडायची नसेल तर मित्राला सकाळी चहाला भेटावे, अंधार पडल्यावर नव्हे.

मोबाइलचा मोह वेगळा, कारण तो उशाशीच असतो. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला. तरी लिंक येतात, टेलिग्रामवर गट चालतात, नवी नावे घेऊन जुनेच जुगार परततात. कायद्यावर विसंबून चालणार नाही. नवी सुरुवात करणाऱ्याने असे गट आणि नंबर दिवसाउजेडी, कोणाला तरी समोर बसवून काढून टाकावेत, आणि चार्जर स्वयंपाकघरात लावावा. रात्री दहानंतर फोन तिथेच. तरुण मुलांना हे सांगताना बापाचा फोनही तिथेच लागलेला हवा, नाहीतर बोलण्याला वजन राहत नाही.

इतके करूनही एखादी संध्याकाळ अवघड जाते. तेव्हा काय करावे याचे एक खरे उदाहरण जगभर सांगितले जाते. मे १९३५ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात बिल नावाचा न्यूयॉर्कचा शेअर दलाल एका हॉटेलच्या लॉबीत एकटाच येरझारा घालत होता. ज्या कामासाठी आला ते फसले होते, खिशात पैसे थोडेच उरले होते. दारू सोडून पाच महिने झाले होते. लॉबीतून बार दिसत होता, आतून हसण्याचे आवाज येत होते. दुसऱ्या बाजूला टेलिफोन होता आणि शेजारी शहरातल्या चर्चची यादी. तो टेलिफोनकडे वळला. एका पाळकाने काही नावे दिली, त्यांतून एका बाईंचा पत्ता लागला आणि त्यांनी बिलची गाठ डॉ. बॉब या शल्यविशारदाशी घालून दिली. डॉक्टर स्वतः दारूत बुडालेले. पंधरा मिनिटांसाठी ठरलेली ती भेट कित्येक तास चालली. त्या दोघांपासून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही दारू सोडणाऱ्यांची चळवळ सुरू झाली. ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती चळवळीतल्या पापांगीकार, भरपाई आणि रोजची प्रार्थना या गोष्टी तिच्या दारू सोडण्याच्या बारा पायऱ्यांत उतरल्या आहेत.

या गोष्टीतला फोन महत्त्वाचा. बिलने त्या संध्याकाळी स्वतःला आवर घालत बसण्याऐवजी दुसऱ्याला हाक मारली. त्याने मागितले तेही विशेष होते: मला बोलायला दुसरा एखादा दारुडा हवा आहे. दारूची तलफ कायम टिकत नाही, ती चढते आणि साधारण अर्ध्या तासात ओसरू लागते. तेवढा वेळ कोणाशी तरी बोलण्यात गेला तर पुष्कळदा ती संध्याकाळ निभावून जाते. म्हणून तीन माणसांचे नंबर आधीच ठरवून ठेवावेत, आणि त्या तिघांना तसे आधीच सांगून ठेवावे. ‘दादा, माझा फोन आला तर उपदेश करू नका, फक्त बोलत राहा’ एवढे सांगितले तरी पुरे. पाळकांचा नंबर त्यात असावाच, पण एक माणूस असा असावा की ज्याने स्वतः हे भोगले आहे.

ख्रिस्ती घरांतून एक गोष्ट उघड बोलायला हवी. दारू सोडणे हे नुसते मनाचे काम नाही, शरीराचेही आहे. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने ती एकाएकी बंद केली तर हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. काहींना पहिल्या दोन दिवसांत फिट येते. कोणाला दोन-तीन दिवसांनी भास होऊ लागतात आणि जिवावर बेतते. अशा माणसाला प्रार्थनेसाठी खोलीत कोंडून ठेवणे धोक्याचे आहे. त्याच्यासाठी प्रार्थना जरूर करावी, ती दवाखान्याच्या बाकावर बसून करावी. बारामतीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. पुण्यात येरवड्याला डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेले मुक्तांगण आहे. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची मदतवाहिनी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस १४४१६, दोन्हींवर फोन फुकट लागतो.

दुसरी सावधगिरी घरच्या बायांसाठी. चहात किंवा कालवणात गुपचूप मिसळायचे ‘दारू सोडवण्याचे औषध’ बाजारात आणि ओळखीतून मिळते. अशा गोळ्यांपैकी काहींवर दारू पोटात गेली की रक्तदाब कोसळतो, छाती धडधडते, श्वास लागतो. ते औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि घेणाऱ्याच्या संमतीनेच द्यायचे असते. पोळलेल्या आईचा जीव कशाला तयार होतो हे समजते, पण हे करू नये.

श्रद्धा आणि उपचार यांत निवड करावी लागते असे ज्यांना वाटते, त्यांनी फादर ज्यो परेरा यांचे काम पाहावे. ते मुंबईचे कॅथलिक धर्मगुरू. स्वतः मद्यपाशात सापडले, त्यातून बाहेर आले आणि १९८१ मध्ये वांद्र्याला कृपा फाउंडेशन सुरू केले. पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार यांचे ते शिष्य, त्यामुळे कृपाच्या केंद्रांत बारा पायऱ्यांबरोबर योगासनेही असतात. २००९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. धर्मगुरूच्या झग्यातला माणूस आपण व्यसनी होतो असे उघड सांगतो, तेव्हा पुढच्या बाकावर मान खाली घालून बसलेल्याला मान वर करायला जागा मिळते.

ही जागा देणे हे मंडळीचे काम आहे, आणि बारामतीला या बाबतीत एक जुना इतिहास आहे. इंग्रज सरकारने १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कित्येक जमातींवर जन्मतःच चोरीचा शिक्का मारला. पुढे १९११ च्या कायद्याने मुंबई इलाख्यातही या जमाती त्याच्या कचाट्यात आल्या. पारधी, कैकाडी अशा लोकांना तारेच्या कुंपणात ठेवायचे, रोज हजेरी घ्यायची, बाहेर जायला पास लावायचा. लोक त्याला सेटलमेंट म्हणत. बारामतीतही अशी सेटलमेंट होती आणि तिचे काम विसाव्या शतकाच्या आरंभी इथे आलेल्या ऑस्ट्रेलियन चर्चेस ऑफ क्राइस्टच्या मिशनकडे होते. मिशनऱ्यांनी शाळा चालवल्या, कामधंदा शिकवला, आजाऱ्यांची सेवा केली. त्या श्रमांविषयी आदर ठेवूनही म्हणावे लागते की कुंपण कुंपणच होते. ज्याने काहीच चोरले नाही अशा पोरालाही हजेरीत उभे राहावे लागे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा गेला, जमाती विमुक्त झाल्या, पण पोलिसांच्या आणि गावाच्या नजरेतला शिक्का आजही पुरता पुसलेला नाही.

शिक्का बसलेल्या माणसाला चांगले वागणे दुप्पट कठीण जाते. ‘तो दारुडा’, ‘ती तसलीच’ असे ज्याच्याविषयी चारचौघांत बोलले जाते त्याच्या मनात एक विचार घर करतो: नाव गेलेच आहे, मग सोडून तरी काय मिळवायचे? मोहाला याहून मोठी मदत दुसरी नाही. फिलेमोनाला लिहिलेल्या छोट्या पत्रात पौलाने अनेसिम या पळून गेलेल्या दासाला परत पाठवताना मालकाला विनवले आहे की याला आता दास न समजता भाऊ म्हणून घरात घे, आणि त्याचे काही देणे असेल तर ते माझ्या नावावर मांड. मंडळीने नव्याने सुरुवात करणाऱ्याशी वागण्याचा नमुना या पत्रात आहे. नाव बदलून हाक मारायची आणि थोडी जबाबदारी स्वतःच्या अंगावर घ्यायची.

बारामतीहून दौंडच्या बाजूला गेले की केडगाव लागते. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून उपाशी, निराधार मुली आणल्या आणि केडगावच्या माळावर मुक्ती सदन उभे राहिले. फसवल्या गेलेल्या, समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी त्यांनी तिथेच कृपासदन काढले. त्या काळात अशा बाईला पुन्हा उंबरठा ओलांडू देणारे घर मिळणे मुश्कील होते. रमाबाई प्रार्थनेला बसत त्या तासन्‌तास, पण त्यांनी मुलींना नुसते प्रार्थनेला बसवले नाही. विहिरी खोदल्या, शेती केली, हातमाग घातले, तेलाचा घाणा चालवला, छापखाना उभारला. ज्या मुली कधी शाळेत गेल्या नव्हत्या त्या खिळे जुळवू लागल्या, आणि रमाबाईंनी केलेला संपूर्ण बायबलचा सोपा मराठी अनुवाद त्याच छापखान्यात बायकांच्या हातून छापला गेला. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या तोवर त्यांच्या हाताखाली शेकडो आयुष्ये नव्याने सुरू झाली होती. बारामती तालुक्यातही १९६० च्या दशकाअखेरच्या टंचाईत चर्चच्या ‘कासा’ या मदतसंस्थेच्या धान्यावर पाझर तलावांची कामे झाली, आणि उपाशी माणसांना भिकेऐवजी काम मिळाले.

आजच्या मंडळीला केडगाव उभारायचे नाही. पण महिनाभर दारूवाचून राहिलेल्या तरुणाला रविवारी सकाळी चर्चच्या सतरंज्या घालण्याचे, साउंड लावण्याचे, म्हाताऱ्यांना गाडीवर आणण्याचे काम देता येते. कोणाची ठिबकची फिटिंग चालू असेल तर त्याला रोजंदारीवर घेता येते. दोन गोष्टी मात्र टाळाव्यात. त्याच्याकडे दानपेटीची किल्ली लगेच देऊ नये. विश्वास दाखवण्याच्या भरात ती त्याची उगाच परीक्षा पाहणे होते. आणि पहिल्याच महिन्यात त्याला व्यासपीठावर उभे करून साक्ष द्यायला लावू नये. टाळ्या मिळाल्यावर पाय घसरला तर तोंड दाखवायला जागा उरत नाही. निदान वर्षभर थांबावे.

पाय घसरणे होते. डॉ. बॉब यांचेही झाले होते. बिलच्या भेटीनंतर काही आठवड्यांतच ते वैद्यकीय परिषदेला गेले आणि तिथे पुन्हा प्याले. परत आल्यावर १० जून १९३५ रोजी त्यांनी शेवटचा घोट घेतला. १९५० मध्ये वारले तोवर ते दारूला पुन्हा शिवले नाहीत. त्यांच्या चळवळीने आपला जन्मदिवस म्हणून धरली ती तारीख पहिल्या भेटीची नाही, घसरून उठल्यानंतरची आहे.

योहानाच्या शुभवर्तमानात हाच विषय एका बारीक तपशिलातून आला आहे. पेत्राने येशूला तीनदा नाकारले ते महायाजकाच्या अंगणात, थंडीच्या रात्री, कोळशाच्या विस्तवाजवळ शेकत उभा असताना. पुनरुत्थानानंतर सरोवराच्या काठी येशूने त्याला बोलावले तेव्हा तिथेही कोळशाचा विस्तव पेटलेला होता, त्यावर मासळी होती आणि भाकर होती. आधी न्याहारी झाली. मग तीनदा नाकारणाऱ्याला तीनदा एकच प्रश्न विचारला गेला आणि दर वेळी काम सोपवले गेले. पेत्राकडून जबाब कोणी मागितला नाही. घसरलेल्या माणसाशी बोलण्याचा क्रम घरच्यांनी इथून घ्यावा: आधी जेवण, मग झोप, बोलणे दुसऱ्या दिवशी सकाळी. नशेत असलेल्या माणसाला शपथ घालणे, मुलांच्या डोक्यावर हात ठेवायला लावणे, भांडी आपटणे, यांतून काही निष्पन्न होत नाही.

घसरलेल्याने स्वतः चोवीस तासांच्या आत दोन गोष्टी कराव्यात. ठरलेल्या तिघांपैकी एकाला खरे सांगावे, आणि कुठून सुरुवात झाली ते वहीत लिहावे. कोण भेटले, खिशात किती पैसे होते, जेवण झाले होते का, भांडण झाले होते का. दोन-तीनदा लिहिले की एकच रस्ता, एकच माणूस, एकच वेळ वहीत पुन्हा दिसू लागते. ‘एकदा मोडलेच आहे तर आता पुरतेच’ हा विचार पहिल्या घोटापेक्षा जास्त घरे बुडवतो. एका संध्याकाळची चूक आठवडाभर लांबते ती या विचारापायी. मात्र मार खाणाऱ्या बाईला आणि मुलांना हे सगळे सोसत घरातच राहायला कोणी सांगू नये. हात उगारला गेला तर आधी त्यांना माहेरी किंवा सुरक्षित जागी पोचवावे. क्षमा आणि सहनशीलता यांच्या नावाखाली मारहाण झाकणे हे मंडळीने बंद केले पाहिजे.

उरते ती भरपाई. यरीहोचा जक्कय जकातदार झाडावरून उतरला, येशूला घरी घेऊन गेला आणि ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत देईन म्हणाला. त्याने पैशांचा आकडा ठरवला. इथेही उधारीची वही उघडावी लागते. किराणा दुकान, पानटपरी, मेव्हण्याकडून घेतलेले पाच हजार, बायकोचे मोडलेले मणी. यादी करावी, सगळ्यात लहान रक्कम आधी फेडावी, कारण एक नाव खोडले गेले की दुसऱ्याकडे जायला धीर येतो. मोठ्या देण्याला महिन्याला दोनशे का होईना ठरवावेत आणि ठरलेल्या तारखेला स्वतः जाऊन द्यावेत, फोनवरून पाठवू नयेत. दुकानदारासमोर उभे राहून दिलेल्या दोनशे रुपयांनी गावातले बोलणे हळूहळू बदलते. घरात मात्र वेळ लागतो. बायको काही महिने खिसे तपासेल, तोंडाचा वास घेईल, उशीर झाला की फोन करील. त्याने त्या वेळी राग गिळून ‘निघालो, वीस मिनिटांत पोचतो’ एवढेच सांगावे, आणि वीस मिनिटांत पोचावे.